सोनपेठची पुडी

१२ सप्टें., शुक्रवार
काल नांदेडहून घरी. छातीत आता काही नाही. मनगटावर निळा डाग, तिथूनच तार आत घातली होती. हृदयाच्या एका धमनीत आता जाळी आहे.

वय शेहेचाळीस. साखर नाही, बीपी नाही, कोलेस्टेरॉल बरं. घरात अंडंसुद्धा येत नाही. हेच मी तिथल्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू काही चूक त्यांच्याकडून झाली होती. ते म्हणाले, "मॅडम, कारण तुमच्या बोटांत आहे." मला वाटलं थट्टा करतात.

थट्टा नव्हती. सांध्यांत वर्षानुवर्षं धुमसणारी सूज सांध्यांपुरती राहत नाही. धमनीच्या आतल्या अस्तरालाही धरते. तिथं साचलेला चरबीचा थर मऊ पडतो, त्यावरचा पापुद्रा फाटतो. रक्ताला वाटतं जखम झाली. ते धावून येतं आणि गुठळी करतं. रस्ता बंद.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते मी. लाली, उष्णता, सूज, वेदना, दर वर्षी फळ्यावर. गुठळीचं जाळंही काढते, रंगीत खडूनं. त्याच खडूनं दुखणाऱ्या बोटांनी.

आई पलंगावरून, "आलीस का? माझं अंग पुसायचं राहिलंय." शेजारच्या काकूंनी केलं होतं सगळं. पण तिला माझाच हात लागतो.

१४ सप्टें.
डॉक्टरांनी विचारलं होतं, दुखण्यावर काय घेत होतात? मी म्हटलं, पुडी. कसली? माहीत नाही.

हे लिहितानाही लाज वाटते. धाकट्या भावाचं, बसूचं, सोनपेठला मेडिकल. तो एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पुडी पाठवतो, मी परभणीच्या स्टँडवर जाऊन घेते. पट्टीतून कापलेल्या गोळ्या, नाव दिसणार नाही अशा. एक पांढरी, एक पिवळी, एक पित्ताची. सकाळी घेतली की बोटं मिटायची, भाकरी व्हायची, आईला उचलता यायचं. आठेक वर्षं.

नांदेडला असताना बसूनं फोनवर नावं सांगितली. एक दुखण्याची, एक स्टिरॉइडची. डॉक्टर म्हणाले, दुखणं गप्प केलं, आजार तसाच. शिवाय दुखण्याच्या गोळीनं गुठळीचा धोका वाढतो तो वेगळाच. "त्यानंच झालं असं नाही म्हणता येणार. पण भर पडली." (मी दोनदा विचारून घेतलं. बसूवर उगाच नको.)

मी कधी नाव का विचारलं नाही? भाऊ आहे म्हणून. हे उत्तर पुरत नाही. आराम पडत होता म्हणून. हे जास्त खरं.

बसू आज फोनवर, "अक्का, मी काय विष दिलं का तुला? तुझ्या हातच्या भाकरी खाऊन आई जाड झालीय, बघ जरा." हसला. मीही हसले. त्याला काय माहीत असणार, दुकानदार माणूस. माहीत असतं तर सांगितलं नसतं का?

२१ सप्टें., रविवार
संधिवाताच्या डॉक्टरीणबाई छ. संभाजीनगरहून महिन्यातून एकदा इथं परभणीत तपासायला येतात. घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. मला आजवर ठाऊक नव्हतं.

बाकावर बसूच्या सासूबाई बसलेल्या.

"अगं बाई, तू बी इथंच? बसवराज काही बोलले न्हाईत." त्यांनी हात पुढं केला, बोटं उघडून मिटून दाखवली. "बघ. आधी अशी व्हती, कोंबडीच्या पायावानी. आता भाकरी थापायलेय. दोन वर्षं झाली, जावयांनीच आणलं. लय जीव लावतेत. आज दुकानात गर्दी हाय म्हणून लेक आलाय संग."

मी म्हटलं, छान झालं.

मग आत माझा नंबर. डॉक्टरीणबाई माझ्या बोटांवर दाबत विचारत होत्या, "इतकी वर्षं कुठं होतात?"

२२ सप्टें.
दोन वर्षं. तिथं सासूबाईंना रांगेत बसवायचं आणि त्याच आठवड्यात मला पुडी बांधायची. त्यांच्या गोळ्या आणि माझी पुडी, एकाच काउंटरवर. एकाच हातानं.

कदाचित त्याला वाटलं असेल माझं वेगळं दुखणं आहे. कदाचित. नाही, वेगळं वाटायला काय होतं त्यात? बोटं त्यानं पाहिली आहेत. की पुडीनंतरचीच पाहिली?

आई, "बसूचा फोन आला का गं? बिचारा एकटा मरतोय त्या दुकानात."



५ ऑक्टो.
नवी गोळी आठवड्यातून एकदाच. गुण यायला महिने लागतील. रक्त पातळ करणाऱ्या दोन रोज. दुखण्याची बंद. स्टिरॉइड एकदम तोडता येत नाही म्हणून थोडं थोडं कमी. जसं कमी होतंय तसे हात परत येताहेत, म्हणजे खरे हात. आज पोळपाट धरता आला नाही. वर्गात फळा अर्धाच लिहिला.

डॉ. बाईंनी बजावलंय, तीन-चार महिने आईला उचलणं बंद. आमचे हे जिंतूरला नोकरीला, शनिवार-रविवारच घरी. दिवसा बाई ठेवली होती, आईनं तिसऱ्या दिवशी पळवून लावली.

उरला बसू. त्याचं घर दुकानाच्या वर. जिना उभा आहे, हे कारण आईचा खुबा मोडल्यापासून ऐकतेय.

२३ ऑक्टो., भाऊबीज
आला. आईला पेढा भरवला, "म्हातारे, माझ्यापेक्षा तरणी दिसायलीस." आई लाजली.

ओवाळायला ताट उचललं आणि निरांजन कलंडलं. बोटं धरेनात. बसूनं खालून हात लावला, म्हणून ओवाळणं पार पडलं. ताट त्यानंच धरलेलं. माझ्या हातांकडं बघत होता. असे हात त्यानं पाहिले नसावेत. माझे तरी.

तेव्हाच विचारलं. "सासूबाईंना नेलंस. मला का नाही सांगितलंस?"

त्यानं ताट खाली ठेवलं. "अक्का, त्या गोळ्या लागू पडायला महिने लागतेत. मधी तू आडवी झाली असतीस तर आईचं कुणी केलं असतं?"

आवाज चढला नाही. मऊच होता. त्याला वाटलं हे उत्तर झालं.

मी म्हटलं, "मग आता चार महिने तू कर."

बायको, जिना, दुकान, असं काहीबाही पुटपुटला. मग एकदम, "बरं. पुढच्या शनिवारी गाडी आणतो. बघतो जिन्याचं."

आईनं सगळं ऐकलं. तोंड भिंतीकडं होतं.

३१ ऑक्टो.
मला वाटलं होतं आई रुसेल. सकाळी म्हणाली, "माझी विभूती पिशवीत घाल. शाल वर ठेव. पोरगा न्यायलाय." खूष. इतकी की मला लागलं. इतकी वर्षं माझ्याकडं राहून ती पाहुणीच होती का? असं मनात आलं, ते चांगलं नाही. पण आलं, म्हणून लिहिलं.

मी तिला पाठवतेय, म्हणजे बसूनं माझं परस्पर ठरवलं, तसंच मीही करतेय का? नाही. मी तिला विचारलं. तिनं हो म्हटलं. फरक आहे. असावा.

१ नोव्हें., शनिवार
सकाळी आईची वेणी घातली. पातळ नेसवलं, गाठ मला बसेना, तिनंच ओढून बांधली. शेजारच्या काकूंनी उचलून खुर्चीत बसवलं, दाराकडं तोंड करून.

बसू फोन उचलत नाही. दोनदा कट केला.

दुपारी कंडक्टरचा. "मॅडम, सोनपेठहून भावानं पुडी दिलीय. नेहमीवानीच. स्टँडवर कंट्रोलरकडं ठिवलीय. घेऊन जावा."

आणखी काही निरोप? "न्हाई जी. एवढंच."

आज बोटं मुठीत येत नाहीत. पेन कसंबसं. त्या पुडीत काय असेल ते मला आता माहीत आहे, आणि घेतली तर उद्या सकाळी भाकरी होईल, आईला उचलता येईल, हेही माहीत आहे.

आई, "कुणाचा गं फोन?"

म्हटलं, बसूकडूनच. हे खोटं नाही.

"मग, निघाला का?"