रंगराव पाटलांचं रिकामं गाव

सदाशिव पेठ, पुणे
जून २००३

प्रिय आईस,
कल्याणीचा सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. दम्याचं औषध वेळेवर घेतेस ना?

बाबांची अंत्ययात्रा रंगराव पाटलांनी शेतातून जाऊ दिली नाही. "गाव माझं आहे," म्हणाले होते. म्हणून मी माळावरच्या आपल्या वीस घरांच्या गावातली पोरं एकेक करून पुण्यात आणली, कंपन्यांत कामाला लावली. मागोमाग त्यांचे आईबापही आले.

काल पाटलांचा मुलगा संतोष आला. "ताई, मला परत जायचं नाही," म्हणाला. त्यालाही नोकरी लावून दिली.

आता गावात तू आणि पाटील, दोघंच. तूही निघून ये. त्याआधी हे पत्र त्यांच्याकडूनच वाचून घे. वाचणारं दुसरं कोणी उरलं नाही. संतोषच्या नावापाशी थांबले, तर तेवढं पुन्हा वाचायला सांग.

तुझीच,
कल्याणी