काळ्या बिबट्याची फ्रेम

५ जाने., सोम.
व्यायामशाळेत मीटिंग. सकाळची बायकांची योगाची बॅच माझी, एवढ्यावरून मला समितीत ओढलंय. भिंतीवर पाच फ्रेम लावायच्या, जुन्या फ्रीस्टाइल पहिलवानांच्या. मातीतली कुस्ती नव्हे. ती तिकीट लावून व्हायची ती, दोरांच्या रिंगमधली, कोण जिंकणार ते आधीच ठरलेली. २६ला झेंडावंदन झालं की सत्कार.

चार नावं दहा मिनिटांत पक्की. पाचव्यावर डोकेफोड. शेवटी मी म्हटलं, काळा बिबट्या.

अध्यक्ष कांबळे सरांनी चष्मा काढला. "वर्षाताई, तो आयुष्यात एक कुस्ती जिंकलेला नाही. मुखवट्यामागे कोण होतं तेही कुणाला माहीत नाही."

काय सांगणार? तो या घडीला आमच्या सोफ्यावर बसून मटार सोलतोय, हे?

८ जाने., गुरु.
अप्पांना सांगितलं. सासरे असले तरी आमचं भांडण बरोबरीचं असतं. अठ्ठ्याहत्तर वय. फलटणकडून आले, आठवडाभर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत फिटर आणि शनि-रवि तोंडावर काळा मुखवटा. घराबाहेर कुणाला पत्ता नाही.

"नाव सांगायचं नाही. मुखवटा घातला की तसा शब्द द्यावा लागतो."

"कुणाला दिला? तो माणूस तरी आहे का आता?"

"तो गेला. शब्द आहे ना."

नि. म्हणतो, नाद सोड. नवऱ्याचं सगळ्यावर हेच औषध.

नाही सोडणार. अठरा वर्षं या माणसाने ठरवून मार खाल्ला, वर लोकांच्या शिव्या आणि शेंगांची टरफलं. एकदा तरी त्याच्यासाठी टाळ्या वाजायला हव्यात, त्याला ऐकू येतंय तोवर. मला बाकी काही नको.

११ जाने., रवि.
पुन्हा मीटिंग. सरांनी तक्ता करून आणलेला, कुणाचे किती विजय. निवृत्त पीटी शिक्षक, त्यांना तक्त्याशिवाय घास उतरत नाही. पहिल्या नंबरावर अर्थातच बिजलीकुमार.

मी म्हटलं, "सर, बिजलीकुमार माणूस डोक्यावर उचलून आपटायचा ना? मग आपटलेला माणूस पुढच्या शनिवारी परत धडधाकट कसा यायचा, तेही लिहा ना तक्त्यात."

सर विचारात पडले. खरं तर उडी अप्पांचीच असायची, बिजलीकुमार नुसता हात वर करायचा. पण हे मला कसं ठाऊक, ते सांगायची सोय नाही.

मग सर स्वतःशीच हसले. "लहानपणी मी त्या बिबट्याला इतकं ओरडायचो, की दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज निघायचा नाही." 

सर विरघळले. पण अट घातलीच. माणूस समोर हवा. "शाल काय हवेला घालू?" लगेच ग्रुपवर मेसेज टाकला: काळा बिबट्या यांनी कार्यालयात भेटावे.

वाट लागली. 

१४ जाने., बुध. संक्रांत
काळा बिबट्या कार्यालयात भेटला. आमचा नव्हे.

गोराईचे हिरामण काका. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, खांदे अजून दारात मावत नाहीत. "मीच व्हतो तो. मना इचारा काय इचारायचा ते." सरांनी विचारलं, त्याने धडाधड सांगितलं. सर खूश. मी आतल्या आत उकळतेय.

घरी येऊन अप्पांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मी सुरू झाले. तोतया, लबाड, काय काय. अप्पा ऐकत राहिले. मग विचारलं, "डावा कान चुरगळलेला आहे का त्याचा?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, माझं खांद्याचं हाड मोडलं तेव्हा दोन सीझन तोच होता की बिबट्या." आणि ठसका लागेपर्यंत हसले.

म्हणजे लबाड नाही. मग एवढ्या रागाचं मी करू काय?

१७ जाने., शनि.
अप्पांना व्यायामशाळेत नेलं. "सासरे आहेत, सहज बघायला आलेत." हिरामण काका आलेलेच होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ओळखीचं अक्षर नाही. असले नाटकी म्हातारे.

काकांना पडून दाखवायची हौस. सर नको नको म्हणतायत तोवर मॅटवर पडलेसुद्धा, पाठीवर, पंजा आपटून. आवाज असा की बायका किंचाळल्या. अप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "मान आत घेतली. छान."

नंतर दोघं बाकावर चहा पीत तासभर बसले. जवळून दोनदा गेले मी, पापलेटच्या भावावर चर्चा चालू होती.

रिक्षात अप्पा म्हणाले, "शाल त्याला दे."

"तुमची अठरा वर्षं, त्यांचे दोन सीझन!"

"त्याला जास्त लागलंय. बिजलीकुमार तेव्हा पिऊन उतरायचा रिंगमध्ये. ठरल्याप्रमाणे काहीच करायचा नाही."

जेवताना ताट आपटूनच वाढलं मी. अप्पांनी मजेत एक भाकरी जास्त खाल्ली.

२० जाने., मंगळ.
राहवेना. हिरामण काकांना फोन. म्हटलं, काका, मला सगळं माहीत आहे.

"मना पन ठाव हाय पोरी. असली तुजा सासरा. शाल त्यालाच घाल."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"कुनीच नसता आला तर फ्रेम दुसऱ्याची झाली असती ना."

फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. किती चांगली माणसं असतात, आणि किती डोकं फिरवतात.

२४ जाने., शनि.
अप्पा सकाळी शिलाई मशीनपाशी. "काळं कापड किती लागेल?"

"कशाला?"

"दोन मुखवट्यांना." 

दोघांचं परस्पर ठरलंय. सरांना सांगायचं नाही. अप्पांच्या डोक्याचं माप घेताना आम्ही दोघंही हसून हैराण. काकांचं माप फोनवरून आलं.

एक शिवून झाला तो नि.ने घालून पाहिला. आरशासमोर बराच वेळ उभा. म्हणाला, "शाळेत सगळ्यांना सांगावंसं वाटायचं गं. माझा बाप आहे तो." काढून नीट घडी घातली, मला परत दिला. याच माणसाने नाद सोड म्हटलं होतं.

२६ जाने., सोम. दुपार
आत्ताच आलो.

चार सत्कार झाले. पाचवं नाव पुकारलं आणि स्टेजवर दोन काळे बिबटे. पांढरी बनियन, पँट, मुखवटा. सर शाल घेऊन मध्ये उभे. "आता यातला खरा कोण?"

अप्पांनी हिरामण काकांकडे बोट केलं. काकांनी अप्पांकडे. हॉलमध्ये हशा.

मी टाळ्यांसाठी हात तयार ठेवलेले. पण सरांनी शाल टेबलावर ठेवली, स्टेजवरून उतरले, पहिल्या रांगेत खुर्चीवर चढले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "हुर्यो!"

झालं. सगळे म्हातारे उठले. हुर्यो, हुर्यो. "पळ रे भित्र्या!" माझी योगाची बॅचसुद्धा. मला सरांचा असा संताप आला, आता चार शब्द सुनावणार, तेवढ्यात अप्पांकडे लक्ष गेलं. छाती काढून स्टेजच्या कडेकडेने फिरत होते, लोकांवर मूठ उगारत, एकेकाला उलट शिव्या देत. घरात या माणसाचा आवाज कधी चढत नाही. मागून काका, तसेच. मी रडले. मग मीही ओरडले. सगळ्यात मोठ्याने नि.

टाळी एकानेही वाजवली नाही.

रिक्षात अप्पा म्हणाले, "लोकांचा आवाज तसाच आहे गं."

सरांचा आत्ता फोन. फ्रेम तयार आहे, खालच्या पट्टीवर नाव काय कोरायचं? अप्पांना विचारलं. मुखवटा अजून काढलेला नाही, त्यातूनच वरणभात चाललाय. म्हणाले, हिरामणला विचार.

हिरामण काकांना लावला. ते म्हणतायत, अप्पांना विचार.