काही नवीन नाही

३ एप्रिल
ऑफिसात पोहोचल्यावर पहिलं काम तेच — मशीनचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, अपडेट करायचा, मग बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रामांचा साठा. त्यातला एक छोटा प्रोग्राम माझा मुलगा सांभाळतो. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. काही बदललं की तो बदलांच्या नोंदीत तारखेसह एक ओळ लिहितो. मी ती वाचतो. लेकाची खुशाली सर्व्हरला विचारायची — हसावं की रडावं!

४ एप्रिल
फेब्रुवारीत त्याची एक चूक निनावी कळवली होती. आज त्याने ती दुरुस्त केली. ओळ अशी: "आभार. इतकी बारीक खुसपटं काढणारा माणूस जगात एकच आहे."
ओळखलं पठ्ठ्याने! दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

९ एप्रिल
अपडेटनंतर छपाई बंद पडली. आवक-जावकचा कारकून वैतागला. "साहेब, चाललंय ते चालू द्या की. रोज कशाला हलवता?" त्याचंही खरं. सगळा साठा मागच्या तिमाहीच्या ब्रँचला, म्हणजे तेव्हाच्या गोठवलेल्या प्रतीला, बांधून टाकला. तिथे नवं काही येत नाही, म्हणून मोडतही नाही.

२२ एप्रिल
अपडेट केलं. काही नवीन नाही.

१० मे
महिना उलटला, त्याची एक ओळ नाही. मला ओळखलं आणि गप्प बसला. म्हणजे राग तसाच आहे. असू दे. मीही त्याचा बाप आहे.
पण वाईट वाटतं. फार वाटतं.

२ जून
अक्कल गहाण ठेवली होती मी. जुन्या ब्रँचला मीच बांधलं आणि मीच विसरलो. त्याच्या ओळी नव्या ब्रँचमध्ये पडत होत्या, मी रोज जुनीच उघडून बसत होतो.
ब्रँच बदलली. तीन ओळी आल्या.
१५ एप्रिल: "दवाखान्यातून पाठवतोय. उशीर होईल."
२ मे: "डावा हात चालत नाही. चुका दिसल्या तर दाखवा, नेहमीसारख्या."
२१ मे: "हा प्रोग्राम आता दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला घ्यावा."
फोन लावला. बंद. सुनेचा नंबर माझ्याकडे नाही. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलं.

४ जून
काल पहाटे गेला.
सून म्हणाली, "मी कितीदा म्हटलं, तुम्हाला कळवते. तर म्हणायचे, नको, बाबा रोज वाचतात. त्यांना यायचं असेल तेव्हा येतील."