पादुकांतला कागद

१२ फेब्रुवारी, सकाळ

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण आठवडाभर फ्रेमा उचलून पाठ धरली आहे. उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घे. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत.

बातमी ही, की शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये माझ्या चित्रांचं प्रदर्शन आहे. शाईची बारा चित्रं. अख्खं रामायण फुटबॉलच्या मैदानावर! सोनेरी हरीण म्हणजे रेषेबाहेर गडगडत जाणारा चेंडू. रावण गोलकीपर, दहाही तोंडांनी पंचांशी भांडतोय. मारुतीची उडी बघून तर तू शिट्टी मारशील. आई चष्मा लावून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "मेल्या, देवाला हाफपँटीत काढलंस?" आणि लगेच हात जोडले. म्हणजे पास झालो म्हणायचं.

आठव्या चित्रापाशी मात्र जो तो थबकतो. बाकावर कप्तानाची जागा रिकामी आहे, तिथे त्याचे बूट ठेवलेत, आणि शेजारी जमिनीवर भरत बसलाय. एका बुटातून वर्तमानपत्राचा बोळा डोकावतो. फ्रेमवाल्याने विचारलं, "पादुकांत कागद कशाला हो?" मी म्हटलं, ओल शोषायला. काल वर्तमानपत्राची एक मुलगी आली होती. तिने विचारलं, "यातले तुम्ही कोण?" मी पटकन म्हणालो, "भरत." तिने ते लिहून घेतलं. ते छापून यायच्या आत तुला लिहायला बसलोय.

दादा, भरताने पादुका डोक्यावर घेतल्या. मी त्या पायात घातल्या.

निवडीच्या सामन्याच्या सकाळी तू घर पालथं घातलंस, ते बूट माझ्या पिशवीत होते. तू नसलास तर राखीव म्हणून मलाच उतरवणार, हे मला माहीत होतं. तू शोधत राहिलास, बस मला घेऊन निघून गेली. तुझ्या जागी मी खेळलो. सगळ्यांचेच बूट काळे, कोणी ओळखले नाहीत. मला दोन नंबर मोठे होत होते, म्हणून पुढे कागद कोंबला. तरी पाय सरकत होता. साधा एक गोल नाही झाला माझ्याने. हसायचं तर हस.

संध्याकाळी तू बाबांवर ओरडलास, "तुम्हीच लपवलेत! तुम्हाला माझा खेळ नकोच होता!" ते एवढंच म्हणाले, "मी नाही घेतले रे." मी दाराआड उभा होतो, पिशवी खांद्यालाच होती. त्याच संध्याकाळी तू घर सोडलंस.

आठ दिवसांनी बाबांना बूट सापडले. मला वाटलं, आता सोलून काढतात. त्यांनी फडक्याने चिखल पुसला, बूट माझ्या रंगांच्या पेटीत तळाशी ठेवले आणि म्हणाले, "त्याला तूच सांग. मी सांगणार नाही." शेवटपर्यंत त्यांनी तुझा आळ तसाच अंगावर वागवला, माझी वाट बघत. ते गेले तेव्हा तू आलास, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीस. तेव्हाही मी गप्प बसलो.

तुला वाटत असेल, मी तुझ्याशी बोलत का नाही. रविवारी तुझा फोन वाजला की मी दूध बघायला उठतो. आईला वाटायचं, मला दुधाची फार काळजी. आज पहाटे तिला सगळं सांगितलं. तिने उठून दूध उतरवून ठेवलं. मग म्हणाली, "एवढी वर्षं चित्रं काढत बसलास? एक कार्ड टाकलं असतंस तर बाप निर्दोष गेला असता."

रामाचा वनवास चौदा वर्षांत संपला. तुझं एकविसावं चालू आहे, तेही माझ्यामुळे. माफ कर म्हणायला जीभ रेटत नाही, तरी म्हणतो. मला नाही केलंस तरी चालेल. पण बाबांवरचा राग सोड. घरी ये, त्यांच्या फोटोसमोर एकदा बस.

सोबतच्या खोक्यात तुझे बूट आहेत. आतला कागद तसाच आहे, मी काढला नाही. तो तूच काढ.

भरत नव्हे,
तुझाच धाकटा