‘घ’ कपातला राग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ आली, तीही तुझ्याच पायाशी ठेवतो.) तुझी तब्येत, भाऊजींचा गुडघा आणि तुमच्या जिन्यातला दिवा हे तिन्ही आता ठीक असतील अशी आशा आहे. भाऊजी गुडघ्याला शेक देतात की नुसतंच वर्तमानपत्राखाली झाकून ठेवतात, ते कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे प्रकृतीने खुशाल आहोत. बाकीचं फोनवरच सांगितलं असतं, पण आमचा फोन स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे, आणि जे सांगायचं आहे ते स्वयंपाकघराविषयीच आहे. थोडक्यात सांगायचं तर आपल्या चिमणीचं लग्न तिच्या बापाच्या, म्हणजे माझ्या, जिभेमुळे अडलं आहे. तू म्हणशील, ह्यात नवीन काय? पण ह्या वेळी मी एक अक्षरही बोललो नव्हतो. मी फक्त चहा प्यायलो.

तुला ठाऊकच आहे की माझा सगळा जन्म दुकानोदुकानी फिरून वजनं-मापं तपासण्यात गेला. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. भाजी घ्यायला गेलो तरी नजर आधी काट्याकडे जाते आणि मग भाजीकडे. (भाजीवाली अजून मला साहेब म्हणते आणि माझ्यासमोर सडका टोमॅटो स्वतःहून बाजूला काढते. ही म्हणते, तो तुम्ही गेल्यावर परत टोपलीत जातो.) तर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, जिथे पूर्वी छत्र्या दुरुस्त व्हायच्या, तिथे चहाचं दुकान निघालं. चहा पिण्याचं नव्हे, हुंगण्याचं. भिंतभर काचेच्या बरण्या आणि त्यांत मोगऱ्याचा चहा, जास्वंदीचा चहा, संत्र्याच्या सालीचा चहा, आणि एक धुरावर धरलेला, ज्याला नुकत्याच विझवलेल्या चुलीचा वास येतो आणि जो सगळ्यांत महाग आहे. मी सवयीने आत शिरलो आणि सवयीनेच काट्यासमोर जाऊन उभा राहिलो. काटा अगदी बरोबर होता, पण मालकाचा चेहरा पडला. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, मग दुसरा चहा दिला. मी दोन्हींबद्दल दोन शब्द बोललो तेव्हा हात जोडून म्हणाला की साहेब, अशी जीभ मी पाहिली नाही, आमच्या चहाच्या स्पर्धेला तुम्हीच परीक्षक व्हा. हिचं म्हणणं, तो तुमच्या जिभेला नाही, तुमच्या जुन्या खात्याला भ्यायला. बायकोला नवऱ्याचे गुण सगळ्यांत शेवटी कळतात, असं मी मनातल्या मनात म्हणालो. (मोठ्याने म्हणण्याइतका मी अजून निवृत्त झालेलो नाही.)

परीक्षक व्हायचं म्हटल्यावर मी अभ्यासाला लागलो. ताई, चहा पारखणं हे फार मोठं शास्त्र आहे. आधी कोरडी पत्ती हुंगायची, मग भिजलेली पत्ती हुंगायची, मग चमच्यात चहा घेऊन जोराचा फुरका मारायचा, तो तोंडभर फिरवायचा आणि थुंकायचा. लहानपणी बशीतून फुरका मारला म्हणून आईने मला जेवढे धपाटे घातले (आणि त्यातले काही तू आईच्या नावावर घातलेस), ते सगळे फुकट गेले म्हणायचे, कारण आता कळलं की फुरका जेवढा मोठा तेवढा परीक्षक थोर. मी घरी सराव सुरू केला. रोज सकाळी हिने चहा पुढे ठेवला की फुरका, डोळे मिटणं, गॅलरीतल्या कुंडीत थुंकणं आणि मग दहापैकी गुण. धंद्यातले शब्दही मी शिकून घेतले. चहा नुसता चांगला किंवा वाईट नसतो. तो भरदार असतो, उथळ असतो, पोकळ असतो. कुंडीतलं झाड आठवड्याभरात तरारलं, पण हिच्या वागण्यात तशी काही प्रगती दिसली नाही. स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी हिच्या चहाला सहज ‘सपाट’ म्हणालो. (हा शास्त्रातला शब्द आहे, शिवी नाही.) हिने पातेलं उचललं, किटली उचलली, आलं किसायची किसणी उचलली आणि माझ्याआधी घरातून निघून गेली.

कारण स्पर्धेत तिनेही नाव दिलं होतं. आणि आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनीही. त्यांची-तुझी अजून भेट नाही म्हणून सांगतो. मुलगा पुलांचे आराखडे काढतो, शांत आहे, आपल्या चिमणीपुढे तर फारच शांत आहे. वडील नाहीत. विहीणबाईंनी शिवणाचे वर्ग चालवून त्याला वाढवला. बाई सरळ, मोजकं बोलणाऱ्या, फक्त एक गोष्ट सोडून: त्या आणि आपली ही एकत्र आल्या की दोघींना आदरातिथ्याचा झटका येतो. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, तुमची पिशवी मी घेते, छे छे, तुमचीच मी घेते. एकदा त्यांच्या इमारतीत ह्या दोघी लिफ्टसमोर एकमेकींना आधी जा म्हणत उभ्या राहिल्या आणि लिफ्ट रिकामीच वर गेली. चिमणी आणि मुलगा जिन्याने पोचून, दार उघडून, पंखा लावून बसले तरी ह्या खालीच. तर लग्नाची तारीख ठरवायची तेवढी बाकी होती.

आम्ही परीक्षक तिघं होतो. एक मी, दुसऱ्या गाण्याचा क्लास घेणाऱ्या बाई (त्यांचा फुरका सुरात होता, हे मान्य केलं पाहिजे) आणि तिसरे कान-नाक-घशाचे डॉक्टर, ज्यांना नेमकी त्याच दिवशी सर्दी झाली होती. पहिली फेरी सुवासिक चहांची. थुंकायचं भांडं टेबलाखाली ठेवलं आहे हे मला कोणी सांगितलं नाही, त्यामुळे पहिले सगळे मी गिळले. भांडं सापडल्यावर नेम धरायला वेळ मिळाला नाही आणि डॉक्टरांच्या बुटाने जास्वंदीचा चहा घेतला. मोगऱ्याच्या चहाला मी लिहिलं, ‘न्हाव्याच्या दुकानाची आठवण’. धुराच्या चहाला लिहिलं, ‘अग्निशमन दलास कळवावे’. मालक माझे शेरे माइकवरून वाचून दाखवत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि ताई, खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागत होतं. सगळ्या नोकरीत माझ्या शेऱ्यावर कोणी टाळी वाजवली नव्हती. दुकानदार नुसते घाम पुसायचे.

मग दुसरी फेरी, घरगुती चहाची. मागच्या खोलीत बायका चहा करत होत्या, किटली आणून टेबलाशी बसलेल्या मुलीकडे देत होत्या, ती नाव लिहून घेऊन किटलीच्या बुडाशी अक्षर चिकटवत होती. आम्हाला फक्त अक्षरं दिसत होती. क ठीक होता. ग मध्ये साखर ओतताना कोणीतरी बोलत असावं. ख चा घोट घेतला आणि मी फुरका मारायचाही विसरलो. असा समजूतदार चहा, ताई! आलं आहे पण बोलत नाही, दूध आहे पण मिरवत नाही. मी तो थुंकला नाही. लिहिलं, ‘असा चहा करणाऱ्या घरात डोळे झाकून मुलगी द्यावी’. आणि मग घ. घ चा घोट घेतला आणि मी दचकलो. हा राग आपण पूर्वी कुठेतरी चाखला आहे असं उगाच वाटून गेलं. लिहिलं, ‘हा चहा रागात केला आहे. झाकण आपटल्याचा आवाज घोटात ऐकू येतो. शून्य’. मालकाने दोन्ही शेरे माइकवरून वाचले. हशा झाला. मग त्याने नावं वाचली. ख, म्हणजे पहिला नंबर, हिचा. घ विहीणबाईंचा.

हशा थांबला. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या, ही माझ्याकडे बघत होती, आणि चिमणीने डोळे मिटून घेतले होते. मागून कोणीतरी म्हणालं, स्वतःच्याच घरात मुलगी द्यायला निघालेत काका.

आता माझी अडचण बघ. विहीणबाईंचा समज झाला असणार की मी बायकोचा चहा ओळखून तिला पहिला नंबर दिला, आणि त्यांचा ओळखून त्यांना भर बाजारात शून्य दिलं. म्हणून मी त्यांना दुसऱ्याच दिवशी फोन केला (जिन्याखालच्या वाण्याकडून) आणि शपथेवर सांगितलं की मी कोणाचाच चहा ओळखला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे जो आवडला, तो तुम्हाला खरंच आवडला?” मी म्हटलं, खरंच. मग आवाज कसातरीच करून म्हणाल्या, “रविवारी सगळे आमच्याकडे चहाला या.” आणि ठेवला फोन. तारखेचं नावसुद्धा काढलं नाही. नुसतं चहाला या! असं बोलावणं मी माझ्या नोकरीत बेकायदा वजनं वापरणाऱ्यांनाही पाठवलं नव्हतं.

आणि घरी उलटं. स्पर्धेच्याच संध्याकाळी ही किटली घासता घासता मध्येच थांबली, किटली उलटी करून बघत राहिली, आणि मग मला म्हणाली, “इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पिता. ओळखता आला नाही तुम्हाला?” मी म्हटलं, वा, ओळखला म्हणून तर पहिला नंबर दिला! ती म्हणाली, “असं?” बस्स, एवढंच. तेव्हापासून रोज सकाळी चहा पुढे ठेवते आणि समोर बसून विचारते, किती गुण? मी म्हणतो, दहा. ती म्हणते, असं? बक्षिसाचा लाकडी डबाही घरात दिसत नाही. विचारलं तर म्हणते, जिथे जायचा तिथे गेला. म्हणजे तिकडे सांगायचं की ओळखला नव्हता, इकडे सांगायचं की ओळखला होता, आणि रविवारी ह्या दोघी एका टेबलाशी बसणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझ्या तिकडे विहीण आहे. स्वतःचं मला काही वाटत नाही. पण चिमणी आता फोनवर हळू आवाजात बोलते, आणि मी खोलीत गेलो की बोलणं थांबतं. तिच्या सुखात माझ्या चमचाभर चहाने माती कालवली असेल, तर ताई, मी स्वतःला माफ करणार नाही.

भाऊजींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
(माजी) परीक्षक

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. रविवारी तू येच. आणि चहा पुढे आला की सगळ्यांसमोर सहज सांग, की लहानपणी मोठ्या तापात माझी चव गेली ती परत आलीच नाही, ह्याला चहा आणि भाताची पेज ह्यांतला फरकही कळत नाही. तू थोरली आहेस, तुझ्यावर कोणीही विश्वास ठेवेल. इतके दिवस जिभेची फुशारकी मारली, आता ती मेली आहे असा दाखला तुझ्याकडून हवा.

आणखी ता. क. हे पत्र हिच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी नीट लपवून ठेवलं आहे. उद्या टाकतो.

वन्सं, नमस्कार. पत्र यांनी चहाच्या डब्यामागे लपवलं होतं. वजनं तपासण्यात जन्म गेला, पण चहाचा डबा घरात रोज कोण उचलतं हे काही तपासलेलं दिसत नाही. खाली जागा मोकळी होती म्हणून लिहिते.

त्या दिवशी मागच्या खोलीत विहीणबाई म्हणाल्या, तुमची किटली जड आहे, मी नेते. मी म्हटलं, मग तुमची मी नेते. टेबलाशी त्या मुलीने नाव विचारलं, आम्ही आपापलं सांगितलं. घरी किटली घासायला घेतली तेव्हा माझ्या किटलीच्या बुडाशी ‘घ’ निघाला. तेव्हा ख त्यांचा. डोळे झाकून मुलगी द्यावी असं यांनी ज्या घराबद्दल लिहिलं, ते तेच घर. मी लगेच त्यांना फोन करून सांगितलं, तर बाई रडायलाच लागल्या. एकटीने पोर वाढवलेली बाई, घर कसं आहे म्हणून कोणी कौतुक केलं नव्हतं म्हणाल्या. पण यांनी आधीच त्यांचा कप ओळखून मुद्दाम तसं लिहिलं असेल अशी त्यांना शंका होती. दुसऱ्या दिवशी वाण्याकडून यांचा फोन गेला आणि तीही फिटली. बक्षिसाचा डबा त्यांच्याच कपाटावर आहे. तारीख त्याच दिवशी ठरली, रविवारी फक्त सांगायची आहे. चिमणीला सगळं माहीत आहे. खोलीत बापाला बघून ती गप्प होते ते हसू आवरायला.

तुम्ही जरूर या, मात्र तापाचं काही सांगू नका. त्यांची जीभ मेलेली नाही. त्या सकाळी मी ‘सपाट’ ऐकून निघाले होते, झाकण मी खरंच आपटलं होतं, दोनदा. एवढ्या लोकांत, एवढ्या कपांत, यांना माझा हात ओळखता आला नाही, पण माझा राग पहिल्या घोटाला कळला. कोणापाशी बोलणार नव्हते, तुम्हाला म्हणून सांगते, त्या दिवसापासून मला यांच्यावर रागावताच येत नाहीये. हे मात्र त्यांना कळू देऊ नका. रविवारपर्यंत दहापैकी दहा मिळतायत, ते मिळू द्या.