आवाजाला वारस न्हाय

४ जून
कुमार शहाणा निघाला! बापाचं नाव रेशनकार्डावरनं कमी केलं, बँकेतनं कमी केलं, आन त्याच झपाट्यात गाण्याच्या अ‍ॅपलाबी कळवून मोकळा — वडील वारले म्हणून. त्यांनी खातं बंद केलं. ह्यांनी म्हणलेल्या समद्या गौळणी त्यातच व्हत्या. दुसरीकडं कुठंच न्हाईत. म्हणतो, नाव कमी करायची रीतच हाय की. म्या म्हणलं, तेराव्यालाबी बोलवायचं व्हतंस कंपनीला. बसली असती पंगतीत.

७ जून
कंपनीचं उत्तर आलं. खातं माणसासंगं संपतं, आतलं वारसाला मिळत न्हाय. ह्यांनी म्हणं 'मान्य' दाबलं व्हतं. इंग्रजीत! बैल घेताना दात बघणारा, दोन बाजार फिरणारा माणूस. हितं डोळं झाकून दाबलं.

८ जून
जमिनीला वारस लागतो, विहिरीला लागतो. आवाजाला का न्हाय?

१२ जून
धाराशिवला गेलो. वकीलबाई अर्पिता, कुमारच्या वर्गातली. इचारलं, नुसतं दाबलं की सही झाली का? म्हणली, बऱ्याचदा होते. पण अट एकतर्फी असली, माणसाला न कळणाऱ्या भाषेत असली, तर ग्राहक मंचात भांडता येतं. नोटीस धाडते म्हणली. निघताना बजावलं, "काकू, आता त्यांचं काही आलं तर दाबू नका. तुम्ही दाबलं की आपलं भांडण संपलं."
म्या म्हणलं, बाई, म्या लग्नालाबी लवकर व्हय म्हणलं नव्हतं.

१९ जून
जाऊबाई गजराबाई आल्या. गेलेल्या माणसाचं गाणं कशाला उकरायचं म्हणत्यात. तुमाला काय, भाऊजींचं घोरणं रोज फुकट ऐकायला हाय, म्हणलं. फुगून गेल्या. जाऊ दे.
ह्यांचा आवाज आठवंना झालाय. तोंड दिसतं, हलतं. ऐकू काय येत न्हाय.

२ जुलै
फोनवर कंपनीचं पान आलं. आता बरी मराठी आली! तक्रार सोडा, गाणी कंपनीची हे मान्य करा, मग खातं उघडू. ऐकायचं फकस्त, काढून घ्यायचं न्हाय. कंपनीला वाटंल तवा परत बंद.
कुमारला दावलं न्हाय.

३ जुलै
समदं वाचलं. वळ न् वळ. मंग दाबलं.
ह्ये आधी खोकले. मंग म्हणले, "हं, धरा रे पेटी."