टीगच्या खडकावरून उडी कोणी घेतली

वेंडेल, खडकावर बसवायला तू जी पितळी पाटी करून आणली आहेस, तिच्यावरचे "क्लीट टीग याने येथून उडी घेतली" हे वाक्य खोटे आहे, आणि ती करायला टाकण्याआधी तू मला एका शब्दाने विचारले नाहीस. परवा माझ्याच स्वयंपाकघराच्या टेबलावर फडक्यातून सोडून दाखवलीस आणि वर म्हणालास, "आई, भरून आलं ना तुला?" मला भरून आले नव्हते. मी कांदा चिरत होते.

आता रीतीचे लिहिते.

मी ओर्फा मेबेल टीग, क्लीट टीग याची विधवा, वय वर्षे शहात्तर, राहणार ग्रॅनाइट वेल्स, इन्यो काउंटी, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. कोणी दमदाटी केलेली नाही. तशी छाती या गावात कोणाची नाही. वकील इबारांच्या कपाटात माझे जुने मृत्युपत्र आहे ते रद्द समजावे. इबारा म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा, मी टाइप करतो." मी नको म्हटले. माझी शाळा तिसरीत सुटली. चुका सापडतील. त्यांच्यावरून हे मीच लिहिले आहे हे ओळखता येईल, एवढा तरी त्यांचा उपयोग.

कलम पहिले. घर, मागचा तबेला आणि विहीर माझा मुलगा वेंडेल याला. पण शेवटच्या कलमात एक अट आहे. ती पुरी होईपर्यंत किल्ली इबारांकडे राहील. वेंडेल, मधले न वाचता शेवटाकडे उडी मारू नकोस. तुला ती खोड आहे.

कलम दुसरे. माझे खोगीर वेंडेलची मुलगी रोंडा हिला. या खोगिरावर बसून मी बारा वर्षे चित्रपटांत गर्दीतली बाई होते. सकाळी दरोडेखोरांपासून पळायचे, जेवण झाल्यावर वणव्यापासून पळायचे, झगा तोच. तोंडाला पहिले वाक्य मिळाले ते टेलिव्हिजन आल्यावर: "कॉफी उकळते आहे, आत या." त्यानंतर विधवा झाले. पडद्यावर सात वेळा, खरोखर एकदाच, आणि पडद्यावरच्या सातही वेळी मी जास्त रडले. मग एका मालिकेत आठ वर्षे टपालगाडीच्या ठाण्यावरची प्रेमळ आजी. देशभरातून बायका पत्रे लिहायच्या की तुमच्यासारखी गोड आजी आम्हाला हवी होती. रोंडा ती मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "आजी, ही कोण गं बाई? आपल्याकडे कधी आलीच नाही." पत्रांचे खोकेही तिलाच द्यावे. हसायला उपयोगी पडतील.

बँकेत जे निघेल तेही रोंडाचे. लॉस एंजेलिसला खोली घ्यायला.

कलम तिसरे. स्वयंपाकघराचे टेबल. हेही रोंडाला, आणि याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मला अक्षरे येतात, पाने येत नाहीत. पाच ओळींच्या पुढे अक्षरे मुंग्यांसारखी चालू लागतात. हे मृत्युपत्र लिहायला मला एकोणीस दिवस लागले आहेत. संवादांचे कागद आले की क्लीट या टेबलाशी बसायचा आणि मी अंडी तळत असताना एकेक वाक्य वाचून दाखवायचा. मी मागून म्हणायचे. आठ वर्षे, रोज सकाळी. कंपनीतल्या एकालाही कळू दिले नाही. माझा चष्मा हरवला आहे असे सांगायचा. चष्मा मला पुढे दहा वर्षांनी लागला.

त्याने माझे झाकले, मी त्याचे झाकले. त्याचे पुढे येते आहे.

कलम चौथे. ऐरण, हातोडे, चिमटे, नाल ठोकायची सगळी हत्यारे मला डूई स्प्रेग याला द्यायची होती. डूई या गावात पन्नास वर्षे घोड्यांना नाल मारतो आहे आणि चित्रपटवाल्यांचे घोडे त्यानेच सांभाळले. पण इबारा म्हणाले, साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, उद्या कोणी भांडले तर त्याची साक्ष कच्ची पडते. मी डूईला अंगणात बोलावून विचारले.

"ऐरण हवी की सही करतोस?"

"सही कशाची? तू मरणार आहेस त्याची, की त्या दिवसाची?"

"दोन्हीची."

त्याने ऐरणीवरून एकदा हात फिरवला. चांगली ऐरण आहे. मग म्हणाला, "एकोणपन्नास वर्षं वाट बघितली, ओर्फा. पेन दे."

म्हणून डूईला काहीही दिलेले नाही. हत्यारे विकून गावातल्या शाळेला द्यावीत.

कलम पाचवे. १९३८ सालचा मे महिना. चित्रपट कंपनी नदीच्या डोहावर आली होती. नायिका दरोडेखोरांच्या हातून निसटते आणि खडकावरून पाण्यात उडी घेते, असा तो प्रसंग. विमा कंपनीच्या माणसाचा नियम होता की आगीत, पाण्यात आणि घोड्यावरून पडायला बाई चालायची नाही. म्हणून पुरुषाला झगा आणि केसांचा टोप घालत. त्या काळी पडद्यावर घोड्यावरून कोसळणारी जवळपास प्रत्येक बाई सकाळी दाढी करून आलेली असे. हात मात्र लपत नसत. केसाळ, मोठे. म्हणून असे काम करणारा पुरुष हातमोजे घातल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर जात नसे. हे आमच्यातल्या पोरासोरांनाही माहीत होते.

त्या दिवशी काम क्लीटचे होते. मी गर्दीत होते. कपड्यांच्या गाडीमागे त्याचा झगा बांधत होते तेव्हा तो हळूच म्हणाला, "ओर्फी, मला पोहता येत नाही."

"मग हो कशाला म्हणालास?"

"कोणी विचारलं पोहता येतं का म्हणून? त्यांनी विचारलं, उडी मारशील का."

"आता सांग की."

"इथं नाही म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी दिसत नाही."

खरे होते. तो नेवाडातल्या कोरड्या कुरणात वाढलेला. घोड्याला पाणी पाजण्यापुरताच त्याचा पाण्याशी संबंध. मी पाटाच्या पाण्यात भावांबरोबर वाढले. मी झगा काढायला लावला आणि स्वतः घातला. टोप घातला. हातमोजे घालून बघितले, ते इतके मोठे की गळून पडत होते. डायरेक्टर ओरडत होता. हातमोजे क्लीटच्या हातात दिले आणि निघाले.

मी खडकावर चढल्यावर डायरेक्टरने खालून विचारले, "टीग, तयार?" टीग मीही होतेच. आवाज ओळखू येईल म्हणून नुसता हात वर केला आणि उडी घेतली. पाणी थंड होते. सांगण्यासारखे दुसरे काही नाही.

खाली डूई घोंगडे घेऊन उभा होता. गाडीमागे ओला झगा क्लीटने चढवला आणि डूईने त्याच्या डोक्यावर बादली ओतली. तेवढेच पाणी त्या दिवशी क्लीटच्या अंगाला लागले. तो कुडकुडत बाहेर आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या उडीवर त्याला पुढची कामे मिळाली, नाव मिळाले, खडकालाही त्याचे नाव पडले. तीन आठवड्यांनी मला कळले की उडीत मी एकटी नव्हते. वेंडेल, तू आजही डोहात घोट्यापलीकडे उतरत नाहीस, ते वडिलांवर गेले आहे. पण जन्मायच्या आधी तू त्या खडकावरून उतरून आलेला आहेस.

क्लीटला भित्रा म्हणायचे नाही. पोहता न येणारा माणूस झगा घालायला उभा राहिला होता.

त्याने मरताना माझ्याकडून शब्द घेतला की मी जिवंत असेपर्यंत हे बोलणार नाही. बोलले नाही. लिहिण्याचे तो काही म्हणाला नव्हता. मी कधी लिहीन असे त्याच्या मनातही आले नसेल.

कलम सहावे. यंदाच्या ईस्टरला जेवताना रोंडाने सांगितले की तिला लॉस एंजेलिसला जाऊन स्टंटचे काम करायचे आहे. वेंडेल म्हणाला, "ते तुझ्या आजोबांचं काम. बाईच्या जातीचं नाही. हवं तर आजीला विचार, तिनं समोर उभं राहून बघितलंय."

रोंडाने माझ्याकडे बघितले आणि विचारले, "आजी?"

आणि मी म्हणाले, "बटाटे इकडे दे."

शब्द क्लीटला दिलेला होता, आणि किंमत त्या पोरीने दिली. ती तेव्हापासून गेली नाही, इथेच दुकानात पिशव्या भरते. आयुष्यात मी बऱ्याच जणांना टाकून बोलले, त्यातल्या एकाचेही मला वाईट वाटत नाही. बटाट्यांचे वाटते.

अट अशी. ऑक्टोबरात काउबॉय चित्रपटांचा मेळा भरेल तेव्हा मी नसेन. डॉक्टर ऑक्टोबराचे नाव काढायचे टाळतात, त्यावरून समजले. दरवर्षीप्रमाणे वेंडेल शाळेच्या सभागृहात उडीची फीत दाखवील. खडकाच्या टोकावर हात वर होतो, तिथे त्याने ती थांबवायची. हात उघडा आहे. लहान आहे. एकोणपन्नास वर्षे हजारो लोकांनी पाहिला आणि एकालाही दिसला नाही. मग रोंडाने सगळ्यांसमोर बापाला विचारायचे, हा हात कोणाचा. खरे उत्तर मिळाले तर किल्ली वेंडेलची. नाही मिळाले तर घर रोंडाचे, आणि वेंडेलने तिला भाडे द्यायचे.

पाटी वितळवू नये. तिची मागची बाजू कोरी आहे.

क्लीटचे हातमोजे माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत. ते वेंडेलला, विनाअट. हात घालून बघ. कधी भिजलेले नाहीत.

ग्रॅनाइट वेल्स, ता. १४ ऑगस्ट १९८७
सही: ओर्फा मेबेल टीग

साक्षीदार:
१. डूई स्प्रेग, नालबंद. मृत्युपत्राचा आणि त्या दिवसाचा.
२. आयडेला क्रो, पोस्टमास्तर. गावातली सगळी पोस्टकार्डे ही वाचते, म्हणून म्हटले एकदा परवानगीने वाचू दे.

खाली जागा उरली आहे म्हणून लिहिते. रोंडा विचारील तेव्हा डूईने तोंड उघडायचे नाही, आयडेलाने तर नाहीच, आणि इबारांनी कागद काढायचा नाही. वेळ लागला तर लागू दे. उत्तर वेंडेलनेच द्यायचे, उभे राहून, माइक हातात धरून.